काळा पाषाणही थकतो!

ठाण्याच्या माजिवडा नाक्यावर अवजड गाड्यांची रांग कधी संपत नाही. आपल्याकडच्या रस्त्यांखालची खडी बहुतेक काळ्या पाषाणाची (बेसॉल्टची), म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. चांगला ताजा बेसॉल्ट चौरस सेंटिमीटरला एक टनाहून जास्त दाब पेलतो. मग तो फुटतो कसा?

खडीचा तुटका तुकडा ओला करून भिंगातून बघाच. बारीक स्फटिक, मधूनच जुन्या वायूच्या पोकळ्यांत साठलेलं पांढरं झिओलाइट खनिज. स्फटिकांच्या या सीमा, पोकळ्यांच्या या कडा हेच कच्चे दुवे. वरून दाब आला की तिथे आडवी ओढ तयार होते आणि दाबाच्या दिशेतच सूक्ष्म चिरा उघडतात. भार उतरला तरी त्या पुरत्या मिटत नाहीत, पुढच्या फेरीत किंचित वाढतात. म्हणूनच एकदा सहज पेललेला भार हजारो वेळा आला तर दगड फुटू शकतो. पाणी मुरलं की आणखी लवकर.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे, चिरताना दगड आवाज करतो! कानाला नाही, पण संवेदकांना ऐकू येतो. पुन्हा दाबल्यावर मात्र आधीचा कमाल भार ओलांडेपर्यंत तो बहुधा गप्प राहतो. योसेफ कायझर यांनी १९५० मध्ये हे धातूंत दाखवलं, पुढे खडकांतही दिसलं. खडकाने पूर्वी किती दाब सोसलाय, याचा अंदाज अभियंते त्यावरून बांधतात.