भित्रा मोती

सात रस्त्यावर सापडलेला आमचा मोती फटाका वाजला की पलंगाखाली थरथरत बसे. “दोन रट्टे द्या, भीती मोडेल,” असा शेजाऱ्यांचा सल्ला. पण भ्यालेल्याला मारले की भीती दुणावते. अमेरिकेतल्या मेरी कव्हर जोन्स या विदुषीने १९२४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सशाला भिणाऱ्या पीटरला आवडता खाऊ देत देत त्यांनी ससा हळूहळू जवळ आणला, नि त्याची भीती गेली. आम्हीही तीच वाट धरली. मुलगी पलीकडच्या खोलीत डब्याचे झाकण हळूच वाजवी. मी लगेच मोतीला भाकरीचा तुकडा देई. त्याने तोंड फिरवले, तर आवाज मोठा झाला असे समजायचे. फटाक्याला तो अजून दचकतो. पण आता आमच्या पायाशी येऊन बसतो. वाचकहो, दिवाळीत भेदरलेला मुका जीव लपला, तर त्याला ओढून बाहेर काढू नका, जवळ बसा.