हडसनखालचा बोगदा आणि ठेकेदाराचा हिशेब

न्यू जर्सीतील आयसेलिन म्हटले की वाचकांना ओक ट्री रोडवरील आपली भारतीय दुकाने आठवतील. तेथील मेट्रोपार्क स्थानकातून न्यूयॉर्कला जाणारी आगगाडी हडसन नदीखालच्या 1910 सालच्या बोगद्यातून जाते. जोडीला नवा बोगदा हवा म्हणून 2009 साली कामास आरंभ झाला. अंदाज 870 कोटी डॉलरांचा होता. खर्च 1400 कोटींवर जाईल व वाढीव भार राज्यावर पडेल, असे सांगून राज्यपाल ख्रिस ख्रिस्ती यांनी ऑक्टोबर 2010 मध्ये कामच रद्द केले.

खर्च वाढला की ठेकेदाराचे फावते, असा समज आहे. आम्हाला तो अर्धाच खरा वाटतो. ठेकेदार कर्ज काढून यंत्रे घेतो, माणसे नेमतो, ते पुढील कामाच्या भरवशावर. काम थांबले तर झालेल्या कामाचे पैसे मिळतील, पण हुकलेल्या नफ्याचे कोण देणार? आमच्या मॉरिशसची मेट्रो बांधणाऱ्या लार्सन अँड टुब्रोसारख्या कंपनीला असा धक्का पचेल, लहानाला नाही. मग तो पुढच्या निविदेत धोक्याची रक्कम आधीच धरतो, नाहीतर निविदाच भरत नाही. भरणारे थोडे झाले की दर आणखी चढतात.

त्याच नदीखालच्या नव्या बोगद्याचा करार 2024 साली झाला, तेव्हा जुन्याच्या दुरुस्तीसह आकडा 1600 कोटींचा होता.