भित्तीलगतचा संक्षोभ आणि विरघळलेली बहुवारिके

एखाद्या द्रवात दुसरा पदार्थ विरघळवून त्याची श्यानता वाढविली, तर तो नळातून वाहवून नेण्यास अधिक दाब लागेल, अशी अपेक्षा कोणीही करील. १९४८ साली हॉलंडमधील शेव्हेनिंगेन येथे भरलेल्या ऱ्हिऑलॉजीच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बी. ए. टॉम्स यांनी याच्या नेमका उलट अनुभव मांडला. मोनोक्लोरोबेंझीनमध्ये पॉलिमेथिल मेथाक्रिलेट हे बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, अल्प प्रमाणात विरघळविले असता तेवढ्याच दाबाखाली नळातून शुद्ध द्रवापेक्षा अधिक द्रव वाहून जात असे. मात्र हा लाभ केवळ संक्षुब्ध प्रवाहातच दिसे. स्तरीय प्रवाहात तो मुळीच आढळत नसे. पाण्यात पॉलिएथिलीन ऑक्साइडाचे दशलक्ष भागांस काही थोडे भाग मिसळले, तरी घर्षणात लक्षणीय घट होते, आणि अनुकूल स्थितीत ती ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. इतक्या अल्प द्रव्याने इतका मोठा परिणाम कसा घडावा, हा येथे विचारणीय प्रश्न आहे.

त्याचे उत्तर भित्तीलगत शोधावे लागते. १० सेंमी. व्यासाच्या नळातून पाणी सेकंदास १ मीटर वेगाने वाहत आहे असे समजू. या प्रवाहाचा रेनल्ड्झ अंक सुमारे १,००,००० येतो, म्हणजे तो पूर्णपणे संक्षुब्ध असतो. तथापि भित्तीला चिकटून सुमारे ०.१ मिमी. जाडीचा असा एक थर असतो, की ज्यात श्यानतेचेच प्राबल्य असते. त्याच्या पलीकडे साधारण ०.६ मिमी. अंतरापर्यंत संक्रमण-स्तर पसरलेला असतो. येथे प्रवाहाच्या दिशेने पहुडलेले भोवरे भित्तीजवळचे मंद पाणी वर उचलतात व दूरचे वेगवान पाणी खाली आणून भित्तीवर आदळवितात. संवेगाच्या या देवघेवीमुळेच घर्षण वाढते. संक्षोभाची सर्वाधिक निर्मितीही याच अरुंद पट्ट्यात होते.

आता बहुवारिकाच्या रेणूकडे वळू. ४० लक्ष रेणुभाराच्या पॉलिएथिलीन ऑक्साइडाच्या साखळीत सुमारे ९०,००० दुवे असतात. स्थिर द्रवात ही साखळी सुताच्या गुंड्याप्रमाणे गुरफटलेली असते आणि तो गुंडा संक्रमण-स्तराच्या जाडीच्या मानाने अत्यंत लहान असतो. स्तरीय कर्तन-प्रवाहात तो थोडासा लांबतो, पण त्याबरोबरच गिरक्याही घेतो, म्हणून पूर्णपणे उलगडत नाही. भोवऱ्यांच्या मधल्या जागी मात्र द्रव एका दिशेने जोराने ताणला जातो. हे ताणणे रेणूला पूर्ववत गुरफटण्यास लागणाऱ्या काळापेक्षा जलद झाले, की साखळी उलगडते आणि पुढील ताणास प्रखर विरोध करते. भोवऱ्यांची शक्ती या विरोधात खर्ची पडते, ते दुबळे होतात, संवेगाची देवघेव मंदावते आणि संक्रमण-स्तर जाड होतो.

या उपपत्तीस प्रयोगांचा आधार आहे. वेल्स व स्पँगलर यांनी १९६७ साली बहुवारिकाचे द्रावण नळात निरनिराळ्या ठिकाणी सोडून पाहिले. भित्तीजवळ सोडताच घर्षण घटले; मध्यभागी सोडले असता ते भित्तीपर्यंत पसरेतो काहीही परिणाम दिसला नाही. तसेच परिणामाचा आरंभ ज्या भित्ती-ताणावर होतो, तो मुख्यतः रेणूच्या आकारावर अवलंबून असतो, द्रावणाच्या तीव्रतेवर नव्हे. १९९७ साली सुरेशकुमार, बेरिस व हँडलर यांनी संगणकाच्या साहाय्याने केलेल्या गणनांतही घर्षणातील ही घट प्रकट झाली.

परंतु बहुवारिक वाढवीत गेल्याने घर्षण अमर्याद घटत नाही. विर्क यांनी १९७० साली दाखविले, की घट एका सीमेपाशी थांबते आणि ही सीमा बहुवारिकाच्या जातीवर फारशी अवलंबून नसते. वरील उदाहरणात सीमेवरचे घर्षण शुद्ध पाण्याच्या सुमारे एक-षष्ठांश भरते. तरीही ते स्तरीय प्रवाहाच्या घर्षणाहून चौपटीने अधिकच असते. या सीमेवर नेहमीच्याच संक्षोभाचा अवशेष उरतो काय? २०१८ साली हॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यम रेनल्ड्झ अंकाच्या प्रवाहात बहुवारिकाचे प्रमाण क्रमाने वाढविले. प्रथम संक्षोभ संपूर्ण शमून प्रवाह स्तरीय झाला, म्हणजे सीमा ओलांडली गेली. प्रमाण आणखी वाढविताच अस्थिरता पुन्हा उद्भवली आणि घर्षण विर्क यांच्या सीमेवर येऊन स्थिरावले. यावरून, निदान अशा प्रवाहांत तरी, सीमेवरील क्षोभ रेणूंच्या स्थितिस्थापकतेतूनच जन्म घेतो, असे अनुमान निघते. जो गुण एका क्षोभास शमवितो, तोच दुसऱ्यास जन्म देतो.

व्यवहारात या परिणामाचा उपयोग विशेषतः खनिज तेलाच्या वहनासाठी होतो. सुमारे १,२८७ किमी. लांबीच्या अलास्का तेलनळात १९७९ साली अशी द्रव्ये वापरण्यास प्रारंभ झाला. त्यांमुळे त्याच पंपांनी अधिक तेल वाहून नेता येते. परंतु पंपाच्या पात्यांतील तीव्र कर्तनाने साखळ्या तुटतात व तुटलेल्या साखळ्यांचा प्रभाव ओसरतो; म्हणून हे द्रव्य पंपाच्या पुढे सोडावे लागते आणि पुढील पंपानंतर पुन्हा पुरवावे लागते. रेणू जितका लांब, तितका तो अधिक परिणामकारक आणि तितकाच अधिक भंगुर. प्रवाहातील ताण सोसूनही अखंड राहणाऱ्या साखळ्या निर्माण करणे, हे म्हणूनच या क्षेत्रातील रसायनशास्त्रज्ञांपुढील महत्त्वाचे कार्य होय.