व्यसन सोडण्याची शाबासकी

सोलापूरच्या पूर्व भागातील शाळांमध्ये शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको, की तिथल्या पुष्कळ मुलांच्या आया विड्या वळतात. शहराजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली उभी राहिली. यावरून या कामाचा पसारा ध्यानात येईल. त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत तंबाखू हीच रोजी आणि तंबाखू हेच व्यसन. हे व्यसन बहुधा मिश्रीचे असते. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासण्याच्या निमित्ताने तोंडात जाते आणि मग दिवसातून अनेकदा जात राहते.

मिश्री वाईट, हे या बायांना ठाऊक नसते असे नाही. पण सोडल्याचा फायदा दहा-वीस वर्षांनी, तोही न दिसणारा. कर्करोग झाला नाही, हे कुणाला जाणवणार? उलट तलफ भागल्याचे सुख आत्ता, या क्षणी मिळते. नुसत्या उपदेशाचा इथे निभाव लागत नाही.

आपण वर्गात काय करतो? पाढा म्हटला की लगेच पाठीवर थाप देतो, वार्षिक निकालापर्यंत थांबत नाही. ज्या कृतीमागून लगेच काही चांगले मिळते ती कृती पुन्हा घडते, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखवले होते. अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाच्या स्टीफन हिगिन्स यांनी हेच तत्त्व कोकेनच्या व्यसनींसाठी वापरले. आठवड्यातून तीनदा लघवीची तपासणी व्हायची. ती स्वच्छ निघाली की गुण मिळत आणि त्या गुणांवर वस्तू मिळत, रोख पैसे नाहीत. सलग स्वच्छ निघाल्यास गुण चढत जात; एकदा घसरले की पुन्हा पहिल्या पायरीवर. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका छोट्या अभ्यासात गुण मिळणाऱ्यांपैकी ७५ टक्के रुग्णांनी २४ आठवड्यांचे उपचार पुरे केले. नुसते समुपदेशन मिळालेल्यांत हे प्रमाण ४० टक्के होते.

पुढे नॅन्सी पेट्री यांनी खर्च कमी करायला चिठ्ठ्यांचे भांडे आणले. निम्म्या चिठ्ठ्यांवर फक्त ‘शाब्बास’, बऱ्याचशांवर किरकोळ बक्षीस आणि एखादीवर मोठे. सोडतीची ओढ माणसाला किती असते, हे जत्रेत पाहिलेल्यांना सांगावे लागणार नाही.

‘ही तर लाच झाली’, असा आक्षेप लगेच येतो. आम्हाला तो पटत नाही. चेन्नईतील २२९ सायकलरिक्षावाल्यांबरोबर फ्रँक शिलबाख यांनी केलेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. दिवसा न पिता येणाऱ्याला, श्वासाची तपासणी करून, थोडे पैसे मिळत. पुष्कळांनी बिनशर्त मिळणारी जास्त रक्कम सोडून ही अटीची रक्कम मागून घेतली. म्हणजे त्यांना स्वतःलाच लगाम हवा होता. त्यांचे दिवसाचे पिणे घटले आणि बचत निम्म्याने वाढली. मात्र एकूण पिणे फारसे कमी झाले नाही, कारण ते रात्रीवर ढकलले गेले. जे मोजले तेवढेच सुधारले.

आता समजा, सोलापूरकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राने मिश्री सोडणाऱ्या बाईला दर आठवड्याला किलोभर डाळ द्यायचे ठरवले. तिने खरोखर सोडली, हे कसे ओळखायचे? फुंकर मारून कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र झटपट उत्तर देते, पण ते धुराचे. मिश्रीला धूर नाही. राहिली लघवीतील कोटिनिनची तपासणी. निकोटिनचे शरीरात कोटिनिन होते आणि तंबाखू बंद केल्यावर ते काही दिवसांत उतरते. इथेच अडचण आहे. विडी वळताना तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, निकोटिन हाताच्या कातडीतूनही झिरपते. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तर तंबाखूचे कसलेही व्यसन नसलेल्या विडी कामगारांच्या लघवीतही कोटिनिन वाढलेले आढळले होते.

म्हणजे जिने पंधरा दिवस मिश्रीला बोट लावले नाही, ती केवळ पोटासाठी हजार विड्या वळल्या म्हणून खोटी ठरणार आणि डाळीला मुकणार. शाबासकी हक्काची असून नाकारली गेली, तर मूल जसे पुन्हा हात वर करत नाही, तसेच तिचेही होईल. त्यापेक्षा तिचे मिश्री सोडण्याआधीचे, काम चालू असतानाचे कोटिनिन मोजून ठेवावे आणि त्यापासून झालेली घट पाहावी. पण प्रयोगशाळेचा हा खर्च छोट्या केंद्राला झेपणे कठीण. दुसरा मार्ग साधा आहे. पेट्री यांनी काही ठिकाणी समुपदेशनाला आलेल्यांनाच चिठ्ठी उचलू दिली. हजेरी मोजायला लघवी लागत नाही, वही पुरते. त्यात कोणी लपूनछपून मिश्री लावत राहील, हे खरे. तरी ती दर आठवड्याला परिचारिकेसमोर येऊन बसेल, तोंड उघडून दाखवेल, आणि गालाच्या आतला पांढरा चट्टा असलाच तर तो वेळेवर नजरेस पडेल.