डोकं तल्लख हवं? मग आधी कान तपासा

रोज शब्दकोडं सोडवलं की मेंदू शाबूत राहतो, असा आपला पक्का समज आहे. कोडं जरूर सोडवा, मजा येते. पण त्यानं मुख्यतः कोडी सोडवण्यातच हात बसतो. मेंदूच्या खेळांचं ॲप विकणाऱ्या ‘ल्युमॉसिटी’ला अवाजवी दाव्यांपायी २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर मोजावे लागले.

त्यापेक्षा चाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२० ज्येष्ठ होते. जे वर्षभर, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं चालले, त्यांच्या मेंदूतला स्मरणाशी निगडित ‘हिप्पोकॅम्पस’ सुमारे २ टक्क्यांनी वाढला. एरवी वयानुसार तो आक्रसतो.

आणि कान! ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आटोक्यात ठेवता येण्याजोग्या १४ गोष्टी दिल्या आहेत. उतारवयातलं एकटेपण, रक्तदाब, मधुमेह त्यात आहेतच. पण ऐकू कमी येणं ही त्यातली एक मोठी गोष्ट. आजोबा टीव्हीचा आवाज वाढवत नेतात, लग्नघरात न ऐकलेल्या प्रश्नाला ‘हो हो’ म्हणत मान डोलावतात आणि हळूहळू गप्पांतून उठून जातात. चष्मा मिरवणारे आपण श्रवणयंत्राला मात्र लाजतो, हे अजबच.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे एकदा जाऊन या. कधी कधी नुसता साचलेला मळ निघतो आणि काम भागतं.