खिडक्यांची दाटी

संगणकावर एका फोल्डरातून दुसऱ्यात शिरताना दर वेळी नवी खिडकी उघडली, की हवा तो कागद बाजूला राहतो आणि आपण खिडक्याच मिटत बसतो. विंडोज ९५ मध्ये मुळात हीच रीत होती. लिनक्सवरील नॉटिलसने २००४ मध्ये ती हेतुपुरस्सर स्वीकारली आणि २०१० मध्ये सोडली. २०२२ पासून विंडोज ११ मध्ये एकाच खिडकीत अनेक टॅब मावतात. आमच्या मते हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नव्हे. दाटीत गुणपत्रकाची जुनी प्रतच खरी समजून पुढे धाडली गेली, तर मुलाचे नुकसान होते. म्हणून काम सरताच खिडकी मिटावी. त्याने आतला कागद हरवत नाही.