फ्लिन फ्लॉनचे बॉम्बर्स

कॅनडाच्या कनिष्ठ आइस हॉकीचा इतिहास लिहिताना टोरांटो आणि मॉन्ट्रियल या महानगरांच्या जोडीने फ्लिन फ्लॉन या जेमतेम पाच हजार वस्तीच्या खाणगावाची दखल घ्यावी लागते. आपल्याकडे 'हॉकी' म्हटले की ध्यानचंदांचा मैदानी खेळ आठवतो. कॅनडात मात्र हा शब्द नुसता उच्चारला तरी बर्फावरची हॉकीच समजली जाते. गोलरक्षकासह सहा खेळाडू पायांत पोलादी पात्यांचे स्केट घालून, चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती, म्हणजे पक, काठीने ढकलत वीस-वीस मिनिटांचे तीन डाव खेळतात आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देणे हा या खेळाचा नियमसंमत भाग असतो. 'कनिष्ठ' किंवा ज्युनिअर हॉकी म्हणजे साधारण सोळा ते वीस वर्षांच्या मुलांची हॉकी. या वयात मुले घर सोडून दुसऱ्या गावच्या संघात दाखल होतात, तिथल्या एखाद्या कुटुंबात हंगामभर राहतात आणि व्यावसायिक संघांचे निरीक्षक त्यांना याच वयात हेरतात.

फ्लिन फ्लॉन मॅनिटोबा प्रांताच्या वायव्येला, सस्कॅचेवानच्या सीमेवर इतके नेमके वसले आहे की गावाचा थोडा भाग त्या शेजारच्या प्रांतातच मोडतो. प्रांताची राजधानी विनिपेग येथून रस्त्याने सातशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. 1915च्या सुमारास टॉम क्राइटन या खनिजशोधकाच्या गटाला येथे तांबे आणि जस्ताचा मोठा साठा सापडला. त्या शोधकांच्या हाती पूर्वी रानात एक स्वस्तातली कादंबरी लागली होती. तिच्या नायकाचे नाव जोसाया फ्लिंटाबॅटी फ्लोनाटिन होते आणि त्याचेच लघुरूप या जागेला चिकटले. कादंबरीतल्या नायकावरून नाव पडलेली गावे जगात फार थोडी असतील, आणि फ्लिन फ्लॉनने तर पुढे या नायकाचा पुतळाही वेशीवर उभारला. 1927 मध्ये अमेरिकेतील व्हिटनी घराण्याच्या भांडवलावर हडसन बे मायनिंग अँड स्मेल्टिंग ही कंपनी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी रेल्वे पोहोचली आणि 1930 मध्ये धातू गाळण्याची भट्टी पेटली. गाव कातळावर वसलेले असल्यामुळे सांडपाण्याचे नळ जमिनीत पुरता येईनात. ते लाकडी पेट्यांत घालून जमिनीवरूनच नेले गेले आणि त्या पेट्यांचा लोकांनी पायवाट म्हणून वापर केला. घरे, नोकऱ्या, दुकाने, करमणूक या सगळ्यांच्या मुळाशी एकच कंपनी होती, आणि हॉकीही त्याला अपवाद नव्हती.

बॉम्बर्स हे नाव कंपनीच्या स्थापनेइतकेच जुने, म्हणजे 1927चे मानले जाते. आरंभी प्रौढांचा असलेला हा संघ पुढे कनिष्ठ गटात उतरला आणि इतक्या दूरच्या गावी चांगले तरुण खेळाडू कसे आणायचे, या प्रश्नाचे उत्तर खाणीने दिले. मुंबईच्या गिरण्यांनी, रेल्वेने आणि बँकांनी कबड्डीपटूंना आणि क्रिकेटपटूंना जशा नोकऱ्या दिल्या, तशीच ही व्यवस्था होती: खेळाडूला खाण कंपनीत काम मिळे, कामाचे तास सरावाच्या वेळेशी जुळवून घेतले जात आणि हंगाम संपला तरी त्याच्या पोटापाण्याची सोय सुटत नसे. फरक एवढाच की मुंबईत असे मालक अनेक होते, येथे एकच होता.

या व्यवस्थेचे पहिले मोठे फळ 1957 मध्ये मिळाले. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ 1919 मध्ये सुरू झालेला मेमोरियल चषक हा कॅनडाच्या कनिष्ठ हॉकीतला सर्वोच्च मान समजला जातो. त्या वर्षीच्या अंतिम मालिकेत पश्चिमेचा विजेता म्हणून बॉम्बर्स आणि पूर्वेचा विजेता म्हणून ओटावा कॅनेडियन्स समोरासमोर आले. ओटावाच्या संघामागे मॉन्ट्रियलच्या बलाढ्य व्यावसायिक क्लबची यंत्रणा आणि सॅम पोलॉक यांच्यासारखा कसलेला व्यवस्थापक होता, तर बॉम्बर्सचे प्रशिक्षक बॉबी कर्क होते आणि टेड हॅम्पसन हा त्यांचा आघाडीचा खेळाडू होता. सात सामन्यांपर्यंत रंगलेली ही मालिका रेजायना शहरात संपली आणि चषक खाणगावात आला. त्या काळच्या नियमाप्रमाणे प्रादेशिक विजेत्याला हरलेल्या संघांतून काही खेळाडू उसने घेता येत असत. प्रिन्स ॲल्बर्ट शहराच्या संघातला ऑरलँड कर्टनबाख, जो पुढे व्हँकूव्हर कॅनक्स या व्यावसायिक संघाचा पहिला कर्णधार झाला, तो असाच बॉम्बर्सकडून खेळला होता. विजयाची गोष्ट सांगताना गावाला या उसनवारीचा सहसा विसर पडतो, परंतु तिने विजयाचे मोल फारसे कमी होत नाही, कारण ही मुभा दोन्ही पक्षांना सारखीच होती.

त्या विजयी संघातला पॅट गिनेल हा खेळाडू पुढील दशकात प्रशिक्षक म्हणून गावात परतला आणि बॉम्बर्सचा सर्वांत गाजलेला, तितकाच वादग्रस्त काळ सुरू झाला. गिनेलची शिकवण सोपी होती: चकतीसाठी प्रत्येक कोपऱ्यात झुंजायचे आणि प्रतिस्पर्ध्याला या गावी येण्याची धास्ती वाटेल असे खेळायचे. या तालमीत दोन मुले तयार झाली. 1949 मध्ये गावातच एका खाणकामगाराच्या घरी जन्मलेला बॉबी क्लार्क मध्यभागी खेळे, आणि मॅनिटोबातल्याच रिव्हरटन येथून आलेला, ओजिब्वे या आदिवासी समाजातला रेजी लीच त्याच्या उजव्या बाजूला. 1967-68च्या हंगामात 59 सामन्यांत लीचने 87 गोल केले, तर क्लार्कने 51 गोल करून शिवाय 117 गोलांना साहाय्य केले. हॉकीत गोल करणाऱ्याबरोबरच त्याला चकती पुरवणाऱ्यालाही गुण मिळतो, त्यामुळे क्लार्कच्या खात्यावर 168 गुण जमा झाले.

एवढे करूनही क्लार्ककडे व्यावसायिक संघ साशंक नजरेने पाहत होते, कारण त्याला लहानपणापासून मधुमेह होता आणि इन्सुलिनवर जगणारा मुलगा लांबच्या दौऱ्यांचा ताण सोसेल, यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. गिनेलने त्याला अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये नेले आणि नीट काळजी घेतल्यास तो व्यावसायिक हॉकी खेळू शकेल, असा अभिप्राय डॉक्टरांकडून मिळवला. तरीही 1969च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, पहिल्या फेरीत त्याला कोणीच घेतले नाही. फिलाडेल्फिया फ्लायर्सनेसुद्धा आपली पहिली निवड दुसऱ्यावर खर्च केली आणि मग 17व्या क्रमांकावर क्लार्कला उचलले. त्याच्या नेतृत्वाखाली या संघाने 1974 आणि 1975 मध्ये स्टॅनले चषक, म्हणजे व्यावसायिक हॉकीतला सर्वोच्च मान, जिंकला, आणि दुसऱ्या विजयाच्या वेळी लीच पुन्हा त्याच्या शेजारी होता. 1972 मध्ये कॅनडाच्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या मालिकेत क्लार्कने व्हालेरी खार्लामोव्ह या सोव्हिएत खेळाडूच्या घोट्यावर काठीचा घाव घातला, तो डाग मात्र त्याच्या नावावर कायमचा राहिला. गिनेलच्या शाळेचे हे दुसरे तोंड होते.

ते तोंड 1969 मध्येही दिसले होते. बॉम्बर्स खेळत ती पश्चिम कॅनडाची कनिष्ठ लीग राष्ट्रीय संघटनेतून फुटून निघाल्यामुळे लीग जिंकूनही बॉम्बर्सना मेमोरियल चषकासाठी खेळता येत नव्हते. म्हणून पूर्वेकडील सेंट थॉमस बॅरन्स या फुटीर संघाशी वेगळी अजिंक्यपदाची मालिका ठरली. चौथ्या सामन्यात हाणामारी इतकी माजली की बॅरन्स संघाने मैदान सोडले आणि मालिकाही सोडली. विजेतेपद बॉम्बर्सच्या पदरात पडले, पण मिरवण्यासारखे ते नव्हते.

1970 मध्ये बॉम्बर्सनी पश्चिमेची लीग पुन्हा जिंकली. त्यानंतरच्या घसरणीचे कारण बर्फावर कमी आणि रस्त्यावर अधिक सापडते. लीग ब्रिटिश कोलंबियातील शहरांपर्यंत पसरली, बसचे प्रवास हजार-दीड हजार किलोमीटरच्या पुढे गेले, मोठ्या शहरांतील संघांच्या तिकीटविक्रीपुढे छोट्या गावाच्या रिंकचे, म्हणजे बर्फाच्या क्रीडागृहाचे, उत्पन्न तुटपुंजे ठरू लागले आणि 1973 मध्ये गिनेलही व्हिक्टोरियाला गेला. 1978 मध्ये संघाचा परवाना एडमंटनला हलवण्यात आला. ज्या दुर्गमतेमुळे पाहुण्या संघांना येथे खेळणे जड जाई, तिनेच अखेर यजमानांना बाहेर काढले.

गावाने मात्र नाव सोडले नाही. 1980च्या दशकात बॉम्बर्स सस्कॅचेवान ज्युनिअर हॉकी लीगमध्ये दाखल झाले. ही लीग एक पायरी खालची आहे, पण तिचे अंतर झेपणारे आहे. मॅनिटोबाच्या गावाने शेजारच्या प्रांताच्या लीगमध्ये खेळण्याचे नवल सीमेवरच्या गावात कोणाला वाटत नाही. संघ कोणा एका मालकाचा नसून गावाच्या सामाईक मालकीचा आहे. त्याचा खर्च तिकिटे, देणग्या आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर भागतो. व्हिटनी फोरम ही त्याची रिंक खाणीत भांडवल घालणाऱ्या घराण्याचेच नाव मिरवते. तेथे महत्त्वाच्या सामन्यांत प्रेक्षक मूस या घोड्याएवढ्या हरिणाचा शिकारीतला पाय बर्फावर भिरकावतात. पाहुण्यांना हा प्रकार ओंगळ वाटतो, गावाला अभिमानाचा. 1993 मध्ये या संघाने लीगचे विजेतेपद मिळवले.

दरम्यान खाण आटत गेली. 2010 मध्ये धातू गाळण्याची भट्टी विझली, आणि 2022च्या जूनमध्ये गावातली शेवटची, '777' या क्रमांकाने ओळखली जाणारी खाण बंद झाली. त्याच वर्षीच्या वसंतात बॉम्बर्स लीगच्या अंतिम फेरीत खेळले, एस्टेवनच्या संघाकडून हरले, आणि पुढच्या हंगामात पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले.